हायड्रॉलिक क्लच: न्यूट्रल पडेना, लिव्हर मऊ, गाडी ओढते. प्लेटा बदलायच्या आधी हे बघा

लक्षणं

"क्लच पूर्ण दाबतोय खरं न्यूट्रल पडंना." बेळगावात टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलं की ही तक्रार पहिल्यांदा कळते. गाडी उभी, लिव्हर मुठीला टेकलेला आणि पाय न्यूट्रल शोधत बसलेला. इंजिन बंद केलं की मात्र लगेच पडतो.

पहिला गियर टाकला की लिव्हर दाबलेला असूनही गाडी पुढं सरकते. ब्रेक सोडला तर समोरच्या रिक्षाला टेकेल.

घरातून निघताना लिव्हर घट्ट असतो. तासाभरानं मऊ होतो आणि घाटात पोचेपर्यंत त्यात काही दमच राहत नाही. तीन-चार वेळा भराभर दाबला की पुन्हा थोडा जिवंत होतो.

डाव्या हँडलवरच्या छोट्या डबीतलं ऑइल कमी होतं, भरलं तरी परत कमी होतं.

उलटी तक्रारही येते. क्लच सुटतो छान, पण पकडत नाही. वरच्या गियरमध्ये अॅक्सिलरेटर पिळला की आरपीएम चढतो आणि वेग तिथंच राहतो. याला स्लिप म्हणतात. याचं दुखणं वेगळं आहे, म्हणून ते शेवटी घेतलंय.

एक गोष्ट दुखण्यात धरू नका. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पहिला गियर 'खट' करून पडतो, कारण थंड ऑइलमुळं प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर आवाज गेला तर काही करू नका.

आधी तुमच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच आहे का ते बघा. बुलेट, पल्सर, ड्यूक ३९० यांना केबल असते, त्यांना यातलं काही लागू नाही. हायाबुसा, कावासाकीची झेडएक्स-१४आर, गोल्डविंग, जुन्या डुकाटी, मोठ्या केटीएम यांना डाव्या मुठीजवळही ब्रेकसारखी ऑइलची डबी दिसेल. पुण्या-कोल्हापूरकडून महामार्गानं येऊन चोर्ला घाटानं गोव्याला उतरणाऱ्या गाड्यांत अशा बऱ्याच असतात आणि त्यातल्या काही बेळगावात थांबतात, थांबायचं नसलं तरी. कितीतरी मालकांना दुसऱ्या गावात आधीच सांगितलेलं असतं, "प्लेटा गेल्या." बहुतेक वेळा प्लेटा ठणठणीत निघतात. बिघाड असतो तो चार चमचे ऑइलमध्ये आणि दोन रबरी सीलांमध्ये.

आत काय चालतं

हे समजलं तर पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. लिव्हर दाबला की डबीजवळच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन ऑइल ढकलतो. ते पाइपातून खाली स्लेव्ह सिलिंडरात जातं, स्लेव्हचा पिस्टन पुशरॉड ढकलतो आणि पुशरॉड क्लचच्या प्लेटांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट उचलतो. ही उचल असते काही मिलिमीटरांचीच. म्हणून पाइपात हवेचा छोटा बुडबुडा असला तरी लिव्हरची अर्धी चाल तो बुडबुडा दाबण्यातच जाते. प्लेटा अर्ध्याच सुटतात आणि न्यूट्रल पडत नाही.

फुकटातली तपासणी

गाडी मेन स्टँडवर घ्या, किंवा मागचं चाक उचलून धरणारा स्टँड लावा. इंजिन गरम करून बंद करा, पहिला गियर टाका, लिव्हर एकदाच दाबून धरा आणि कुणालातरी मागचं चाक हातानं फिरवायला सांगा. मग लिव्हर चार-पाच वेळा भराभर मारून परत धरा आणि पुन्हा चाक फिरवून बघा.

पंप मारल्यावर चाक मोकळं झालं तर दोष हायड्रॉलिकचा आहे: हवा, गळती किंवा सील. लिव्हर दगडासारखा घट्ट आहे आणि तरी चाक अडतंय, तर दोष इंजिनच्या आतला असण्याची शक्यता जास्त. ही एक तपासणी न करता क्लच कव्हर उघडणाऱ्याकडं गाडी देऊ नका.

आता लिव्हर बघा. बाजारातला छोटा, रंगीत लिव्हर बसवलाय का? कंपनीच्या लिव्हरात मास्टरचा पिस्टन ढकलणारा छोटा पुशरॉड बसायला पितळी बुश असतं. बाजारातल्या लिव्हरात त्याचं माप थोडं इकडं-तिकडं असतं आणि तेवढ्यानं चाल कमी पडते. जुन्या गाडीत तो बुश झिजून अंडाकार होतो. लिव्हर मागं-पुढं हलवून पिस्टन सरकण्याआधी किती मोकळा खेळ आहे ते बघा. खेळ अगदीच नको असंही नाही. थोडासा हवाच, त्याचं कारण स्लिपच्या भागात येईल. नवी जाड मूठ लिव्हरच्या आड येते का, तेही बघा. हसू नका, असं निघालेलं आहे.

डबी

झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि मग झाकणावर काय लिहिलंय ते वाचा. सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बहुतेक जपानी गाड्यांवर डॉट ४ असतं, म्हणजे ब्रेकचंच ऑइल. जुन्या केटीएम आणि काही बीएमडब्ल्यूंवर मागुरा कंपनीचा पंप (मास्टर) असतो, त्यात मिनरल ऑइल लागतं. मिनरलच्या सिस्टीममध्ये ब्रेक ऑइल ओतलं किंवा ब्रेक ऑइलच्या सिस्टीममध्ये मिनरल गेलं, तर आतले सील फुगतात आणि मास्टर, स्लेव्ह दोन्ही उघडावे लागतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ चालतं, ते डॉट ४ च्याच घराण्यातलं.

लेव्हल बघताना ब्रेकचा हिशेब इथं लावू नका. ब्रेकचे पॅड झिजले की डबीतलं ऑइल खाली जातं. क्लचच्या प्लेटा झिजल्या की पुशरॉड मागं सरकतो आणि ऑइल वर चढतं. म्हणजे क्लचच्या डबीत ऑइल कमी होत असेल तर ते कुठंतरी गळतंयच, झिजेमुळं ते कमी होत नाही. आणि म्हणूनच डबी काठोकाठ भरायची नसते. वर चढायला जागा लागते.

रंग बघा. ताजं डॉट ४ फिकट पिवळसर असतं. चहाच्या रंगाचं झालं तर बदलायची वेळ झाली. काळं, गढूळ असेल तर सीलाचं रबर आणि सिलिंडरची झीज त्यात मिसळलेली असते. स्लेव्ह गरम इंजिनला चिकटून बसतो आणि आत ऑइल असतं थोडंसंच, म्हणून क्लचचं ऑइल ब्रेकच्या आधी काळं पडतं. शिवाय हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्यासाठी ही हद्द १५५ अंशांवर येते. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीचं ऑइल कधी बदललंय असं विचारलं की मालक आधी माझ्याकडं आणि मग गाडीकडं बघतो. दोन वर्षांत एकदा बदलायचंच. बाटली कुठल्याही ऑटोमोबाइल दुकानात मिळते आणि एक क्लच प्लेट घ्यायच्या पैशांत अशा कितीतरी बाटल्या येतील. उघडून महिनोन्महिने कपाटात पडलेली बाटली मात्र वापरू नका.

गळती

तीन जागा. पहिली, मास्टरचं रबरी बूट, लिव्हरच्या आतल्या बाजूला. ते बोटानं उचला. आत ओल असेल तर मास्टरचं सील गेलं. दुसरी, पाइपाच्या दोन्ही टोकांचे बँजो बोल्ट, म्हणजे ज्यांच्या आतून ऑइल जातं ते पोकळ बोल्ट. तिसरी जागा म्हणजे स्लेव्ह, आणि जास्त वेळा दोष तिथंच निघतो.

हायाबुसासारख्या गाड्यांत स्लेव्ह डाव्या बाजूला पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरवर बसतो. चेनचं सगळं वंगण तिथं उडतं, त्यावर आपल्याकडची लाल माती बसते, वर पावसाचं पाणी. कव्हर काढलं की काळा लगदा दिसतो आणि गळणारं ऑइल त्यातच दडलेलं असतं. आधी ते सगळं खरवडून, पुसून कोरडं करा, एक दिवस गाडी चालवा आणि मग बघा. धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा स्लेव्हवर मारू नका.

ओल दिसली, पण कशाची? एका वाटीत पाणी घ्या, ती ओल कापसावर टिपून पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिन ऑइल किंवा चेनचं वंगण वर तरंगतं, तवंग धरतं. तवंग आला तर स्लेव्ह निर्दोष असू शकतो; त्याच्या मागचं पुशरॉडचं ऑइल सील गळत असेल. या दोन गळत्या एकमेकींच्या शेजारी असतात, आणि चांगला स्लेव्ह काढून नवा बसवलेल्या गाड्याही माझ्याकडं येतात, तशाच गळत. मिनरलच्या गाडीला ही परीक्षा चालत नाही, कारण तेही तरंगतं.

ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. नाहीतर टाकीचा रंग सोलून निघतो.

हवा काढणं

गळती नसेल तर पहिला उपाय एका रात्रीचा आहे. लिव्हर दाबून रबरी पट्ट्यानं मुठीला बांधा, हँडल असं वळवा की डबी सगळ्यात उंच राहील, आणि सकाळपर्यंत तसंच ठेवा. दाबाखाली बारीक बुडबुडे लहान होतात आणि सकाळी लिव्हर सोडला की काही वर निघून जातात. फरक पडला तर हवाच होती. सकाळी लिव्हर आणखी आत गेलेला आढळला तर सील आतून सोडतंय, आणि बाहेर काही दिसत नसलं तरी स्लेव्हच्या बुटाखाली बघा.

नीट हवा काढायची तर नवं ऑइल, पारदर्शक नळी, स्लेव्हवर हवा काढायला असलेल्या निपलच्या मापाचा रिंग पाना आणि एक माणूस लागतो. ओपन पाना वापरू नका, निपलचे कोपरे गोल होतात. डबीभोवती फडकं गुंडाळा. जुनं ऑइल सिरिंजनं उपसा, डबी पुसा, नवं भरा. एकानं लिव्हर हळूहळू दोन-तीनदा दाबून धरायचा. दुसऱ्यानं निपल पाव फेरा उघडायचं, ऑइल नळीत आलं की बंद करायचं. त्यानंतरच लिव्हर सोडायचा. हा क्रम उलटला तर जेवढी हवा निघाली तेवढीच परत आत जाते. डबी कधीच रिकामी होऊ द्यायची नाही.

इथपर्यंत सगळे करतात आणि तरी लिव्हर मऊच राहतो. का? हवा वर जाते आणि निपल असतं खाली. एक बुडबुडा नेहमी मास्टरच्या बँजोपाशी, पाइपाच्या सगळ्यात उंच वळणात अडकून बसतो. खाली कितीही ऑइल काढलं तरी तो हलत नाही. म्हणून हँडल वळवून मास्टर पाइपापेक्षा उंच करा. बँजोला फडक्यानं वेढा, लिव्हर दाबून धरा, बँजो किंचित सैल करा, फुसकारा येऊन गेला की आवळा, मग लिव्हर सोडा. दोन-तीनदा पुरतं. काही मास्टरांवर त्यासाठी वरतीच निपल असतं, तसं असेल तर फारच सोपं. दुसरा मार्ग उलटा: खालच्या निपलमधून सिरिंजनं नवं ऑइल हळूहळू वर ढकलायचं आणि डबी भरत आली की वरून उपसायचं. हवेला तिच्या वाटेनंच जाऊ द्यायचं, एवढंच.

सील, आणि उद्यमबागेतला मोह

हवा काढूनही चार दिवसांत लिव्हर मऊ होत असेल किंवा स्लेव्ह ओला असेल, तर सील बदलायला हवं. स्लेव्ह काढला की लिव्हरला हात लावू नका, पिस्टन उडून बाहेर येईल. लिव्हरला चिठ्ठी बांधा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

आता आपल्या गावची खास अडचण. बेळगाव हायड्रॉलिकचं गाव. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पंप, सिलिंडर, व्हॉल्व्ह बनतात, आणि कुठल्याही मापाचं सील दहा मिनिटांत हातात मिळतं. बाहेरगावच्या गाडीचा सील किट यायला आठवडा लागणार म्हटल्यावर मेकॅनिक मापाचं सील आणून बसवतो. क्लच मस्त चालतो. मग पंधरा दिवसांनी लिव्हर जड होतो, अर्ध्यावर अडकतो, आणि उघडल्यावर सील फुगून मऊ झालेलं निघतं.

दोष त्या दुकानाचा नाही. कारखान्यातली हायड्रॉलिक यंत्रं पेट्रोलियमच्या तेलावर चालतात आणि त्यांना नायट्राइल रबर लागतं. डॉट ४ ग्लायकॉलचं असतं, त्याला ईपीडीएम रबर लागतं. नायट्राइल ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही, ईपीडीएम तेलात टिकत नाही. दोन्ही दिसायला काळी, माप एकच. काउंटरवर मराठीत विचारा की कन्नडमध्ये, 'हायड्रॉलिक सील द्या' म्हटलं की नायट्राइलच मिळणार. त्यामुळं कंपनीचाच किट मागवा, पार्ट नंबर बघून, आणि तोवर गाडी उभी ठेवा. पाइपालाही हेच लागू. यंत्रांचा रबरी होज कापून बसवू नका. आतून टेफ्लॉन आणि वरून स्टीलची जाळी असलेला ब्रेकचा होज घ्या. बँजोचे तांब्याचे वायसर मात्र उद्यमबागेतूनच आणा, ते उत्तम मिळतात. उघडलेला वायसर परत वापरू नका.

सील बसवताना बोअर ताज्या ब्रेक ऑइलनं पुसा. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही नको, आणि साधं ग्रीसही नको. ईपीडीएमला तेही फुगवतं. बोअरमध्ये नखाला लागेल अशी रेघ किंवा पांढरा गंज असेल तर नवं सीलही ओरखडेल. तिथं स्लेव्ह पूर्ण बदलायचा.

क्लच स्लिप होत असेल तर

पहिला प्रश्न: इंजिन ऑइल कोणतं टाकलंय? ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये फिरणाऱ्या क्लचला बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइल लागतं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि प्लेटा घसरतात. सर्व्हिसिंगनंतर लगेच स्लिप सुरू झाली असेल तर आधी ऑइल बदला.

दुसरा प्रश्न: थंड असताना पकडतो आणि गरम झाल्यावर घसरतो का? डबीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. लिव्हर सुटल्यावर ऑइल तिथून परत येतं. ते गाळानं बुजलं, किंवा लिव्हर इतका आवळून बसवलाय की पिस्टन पूर्ण मागं येतच नाही, तर गरम होऊन फुगलेलं ऑइल आत कोंडतं आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. मोकळा खेळ हवा तो यासाठी. स्लिप होऊ लागली की लगेच गाडी उभी करून, लिव्हर सोडलेला ठेवून, खालचं निपल किंचित उघडा. ऑइल जोरात उडालं आणि क्लच पकडू लागला, तर दोष वरच्या छिद्रात किंवा लिव्हरमध्ये. नुसतं ओघळलं तर प्लेटा किंवा स्प्रिंग.

ऊसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं अर्धा क्लच धरून किलोमीटरच्या किलोमीटर रांगणारे लोक प्लेटा खरोखर संपवतात, तेवढं कबूल.

इथं थांबा

दोनदा नीट हवा काढूनही लिव्हर मऊ. निपल गोल झालं किंवा तुटलं. तवंगाची परीक्षा पुशरॉडच्या सीलाकडं बोट दाखवतेय. लिव्हर घट्ट असून चाक अडतंय. योग्य ऑइल असूनही स्लिप. डबीत चुकीचं ऑइल गेलंय. यातलं काहीही असेल तर पाना खाली ठेवा आणि त्या गाडीचं मॅन्युअल आणि टॉर्क रेंच असलेल्या मेकॅनिककडं जा. क्लच बास्केटला पडलेल्या खाचा आणि वाकलेल्या स्टीलच्या प्लेटा मोजायला लागतात, अंदाजानं कळत नाहीत. कोरड्या क्लचची डुकाटी असेल तर त्याआधीच थांबा. आणि इथलं वाचून एबीएस असलेल्या ब्रेकची हवा काढायला जाऊ नका.

घाटात क्लच गेला तर भराभर पंप मारून थोडा दाब मिळतो का बघा. डबी रिकामी असेल आणि झाकणावर डॉट ४ लिहिलेलं असेल तर तिथल्या कुठल्याही गाडीवाल्याकडचं डॉट ४ चालेल, पण पाणी नाही, इंजिन ऑइल नाही, आणि स्वतःच्या पुढच्या ब्रेकमधलं तर अजिबात नाही. चालत्या गाडीत क्लचशिवाय गियर बदलता येतात, पण थांबता येत नाही, आणि चोर्ल्याच्या वळणांवर पावसात थांबावं लागतंच. कणकुंबीच्या अलीकडं असाल तर जांबोटीकडं परत फिरा, पुढं उतरू नका. नेटवर्क मिळेल तिथं टेम्पो बोलवा. गाडी चढवल्यावर पहिल्या गियरमध्ये ठेवा, आणि हँडल बांधताना दोरी डाव्या डबीवरून किंवा पाइपावरून घेऊ नका. बँजोपाशी चेपलेला पाइप घेऊन गाडी गॅरेजात आली की किटच्या जोडीला होजही मागवावा लागतो.